खिडकीसमोरचे कांदे

१४ नोव्हेंबर

कांद्याची रोपं, दोन जुड्या – ३०
शेणखत, अर्धं पोतं – १५
ह्यांच्या गोळ्या – ४२
साठचा बल्ब, स्वयंपाकघरासाठी – ९
एकूण ९६.

बियाणेवाला रोपांचे चाळीस सांगत होता. म्हटलं, शेवटच्या उरल्यात, उद्या माना टाकतील, मग काय हार करून घालणार आहात? उतरला. जात कोणती विचारलं तर म्हणे, "बाहेरची आहे ताई, फार लांबून आलीय. एवढा कांदा होतो!" आणि मूठ दाखवली. त्याची मूठ काही लहान नाही. तेवढे झाले तर वर्षभर कांदा विकत आणायला नको. परमेश्वरा, एवढं बघ.

१५ नोव्हेंबर

घरामागच्या वाफ्यात लावली. ह्यांनी दोरी धरली, डाव्या हाताने. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा थरथरतो. घड्याळातले केसाएवढे स्क्रू बसवणारा हात, आता बुटाची नाडीसुद्धा मी बांधते. तोंड मात्र शाबूत आहे. "सरळ लाव, सरळ. वाकडं चालायला ते काय आपले चिरंजीव आहेत?"

चिरंजीव म्हणाले आणि दोरी हातातून सुटली. मी पुढचं रोप उचललं.

वाफा ढब्बूच्याच खिडकीसमोर आहे. लहानपणी कांद्याच्या पातींना गाठी मारायचा. कोणीतरी डोक्यात भरवलं होतं, गाठ मारली की कांदा खाली फुगतो. पोर डावखुरं. त्याच्या गाठी उलट्या बसायच्या, माझ्याने सुटायच्या नाहीत. किती ओरडले असेन! एवढा थोराड झाला, जहाजावर फिटर झाला, तरी माझ्या तोंडी ढब्बूच.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून पत्र नाही. कंपनीत फोन केला की तिथला कारकून म्हणतो, "चौकशी चालू आहे, आई." मला आई म्हणायची त्याला काय गरज.

मी प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायची, उलट टपाली कळव. तो चिडवायचा – "आई, समुद्रात उलटं टपाल नसतं, नुसतं पाणी असतं."

३० नोव्हेंबर

सगळी रोपं धरली. एकही मेलं नाही. देवाची कृपा.

२२ डिसेंबर

विजेचं बिल वाढलंय. फ्रिज जुना झाला, त्याचंच असणार. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "असू दे. येतं कधी कधी." काडेपेटीतल्या काड्या मोजणारा माणूस – असू दे म्हणतो! आजारपणाने मऊ झाले म्हणायचं.

आणखी एक. जेवताना खाली मान घालून म्हणाले, "मागची खोली भाड्याने द्यावी म्हणतोय."

घास तसाच राहिला तोंडात.

दवाखान्यातली एक नर्सबाई जागा शोधते आहे. एकटी आहे, साधी आहे, भाडं आगाऊ देईल. सगळं ठरवूनच बोलले. मी म्हटलं, त्याचं सामान आहे तिथे. तर म्हणाले, "माळ्यावर ठेवू. खोली काय, वापरली नाही तर खराब होते." माझ्याकडे बघत नव्हते.

त्यांच्या औषधांना पैसे लागतात हे मला कळत नाही का? हिशेब मीच लिहिते. पण खोली दिली म्हणजे तो येणार नाही असं आपणच म्हटल्यासारखं आहे. तसं म्हणाले नाहीत. मीही म्हटलं नाही. म्हटलं, कांदे निघू देत. वाफ्यात जायची वाट त्या खोलीच्या बाजूनेच आहे, नवीन माणसाला कशाला त्रास.

"मार्चच्या पहिल्या तारखेपर्यंत," म्हणाले.

८ जानेवारी

पात गुडघ्याएवढी! हिरवीगार. शेजारच्या शिंपीणबाई कुंपणाच्या भिंतीवरून डोकावल्या. "काय खाऊ घालता हो कांद्यांना? आमच्या ह्यांना घालून बघते." दृष्ट लागेल म्हणून मी म्हटलं, कसलं काय, नुसती पात आहे.

२७ जानेवारी

बोलाफुलाला गाठ पडली. खरंच नुसती पात आहे!

माती बाजूला करून पाहिलं. खाली कांदा नाहीच. मान अंगठ्याएवढी जाड, सरळ मुळांत उतरते. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, तसेच. एवढ्यात लिंबाएवढे तरी व्हायला हवे होते. शिंपीणबाई म्हणाल्या, "माझ्या थोरल्या सुनेसारखे आहेत. वर नुसता डौल." सून आतून खोकली.

हे म्हणाले, "तुझे कांदे तपश्चर्येला बसलेत. उठवू नकोस."

मला मात्र रडू आलं. तीस गेले, खताचे पंधरा गेले. आणि कांदे निघू देत म्हणून मुदत घेतली होती, कांदेच नाहीत तर कशाची मुदत!

२९ जानेवारी

बियाणेवाल्याकडे एक उपटून नेला. वास घेतला, मान दाबली, डोळे मिटले. वैद्यच जणू! "खत जास्त झालं ताई. पोट भरलं की कोण कष्ट करतं? खत बंद, पाणी कमी करा, माती मोकळी करा."

म्हटलं, रोपंच खराब दिली असतील. तर म्हणतो, "दुकानात सगळ्या जुड्या जुळ्या बहिणी असतात ताई. सासर कसं मिळतं त्यावर आहे." 

५ फेब्रुवारी

खत बंद. पाणी दिवसाआड. माती सैल करून मुळांशी राख घातली. दाटी होती तिथली पात विरळ केली, भाजीला झाली, तेवढीच वसुली. कीड बघितली, भिंग घेऊन. ह्यांचं घड्याळाचं भिंग. एक किडा नाही. खोल लागली असतील म्हणून मानेपर्यंत माती काढली.

काहीच फरक नाही. आज पुन्हा देवाला सांगितलं. क्षुल्लक गोष्टीसाठी त्रास देते खरी, पण मोठी गोष्ट तर रोजच सांगते, त्याला कंटाळा आला असेल.

९ फेब्रुवारी

आज पलीकडच्या कडेचं तण काढायला वाफ्यात आत शिरले. गुडघ्यांमुळे एरवी कडेनेच काम करते.

आत, पातीच्या आड, कांदे आहेत.

मोठे! मातीच्या वर अर्धे आलेले, तांबूस, चकचकीत. बियाणेवाल्याच्या मुठीएवढे. एक हाताने चाचपून पाहिला, गच्च. पण सगळीकडे नाहीत. ढब्बूच्या खिडकीसमोर तेवढ्या तुकड्यात. त्याच्या डावीकडे पात, उजवीकडे पात. मधेच मूठ मूठ कांदा. कोणी सुरीने कापून हद्द आखावी तसं.

आनंद व्हायला हवा होता. का कोण जाणे, हात झाडून बाहेर आले. पाय धुतले. मग पुन्हा धुतले.

१२ फेब्रुवारी

घाबरून काय होणार, मॅट्रिक झालेली बाई आहे मी. शास्त्रात पहिला वर्ग होता. दोन्हीकडची माती आणून ओल्या फडक्यावर ठेवली. रंग एक, वास एक. खत मीच टाकलं, सगळीकडे सारखं. पाणी एकाच झारीचं. रोपं दोन जुड्यांची, पण मी मिसळून लावली होती. न्हाणीचं पाणी तिकडे जात नाही. ऊन? भिंत सगळ्या वाफ्याला सारखीच आडवी येते. उलट खिडकीसमोर ऊन अंमळ कमीच.

ह्यांना दाखवले. बघत उभे राहिले. एकदा कांद्यांकडे, एकदा खिडकीकडे, एकदा माझ्याकडे. "चांगले आहेत," म्हणाले. आणि आत गेले. एक टोमणा नाही! मला तेच चमत्कारिक वाटलं.

१५ फेब्रुवारी

पुन्हा बियाणेवाल्याकडे. आज त्याने उंटावरून उतरून बोलायचं ठरवलं असावं. मोठा कांदा हातात घेतला आणि हसायचा थांबला.

"ताई, खरं सांगू? त्या जुड्या चुकून आलेल्या. ही जात जिथे दिवस फार लांब असतात तिथली. दिवस मोठा झाला की हिला कळतं, आता कांदा धरायचा. आपल्याकडे आत्ता दिवस लहान. नुसती पात वाढणार. मलाही नंतर कळलं, तुमचे तीस परत देतो."

दिले. (जमा – ३०.)

मग म्हणाला, "पण मग हा कसा धरला?"

मी कांदा परत पिशवीत टाकला.

"रस्त्याचा दिवा आहे का तिथे? एका गिऱ्हाइकाकडे असं झालं होतं. खांबाखालचे तेवढे कांदे पोसले. दिव्यालाच दिवस समजले."

म्हटलं, दिवा नाही. घरामागे उंच भिंत आहे, तिच्यापलीकडे गोदाम. अंधारात तिकडे कोणी फिरकत नाही. तिकडे फक्त मागच्या खोलीची खिडकी आहे आणि ती खोली बंद असते.

"मग देव जाणे," म्हणाला.

१६ फेब्रुवारी

स्टूल घेऊन गेले आणि चढून वरून पाहिलं. 

कांद्यांचा तुकडा चौकोनी आहे. घराकडे अरुंद, भिंतीकडे पसरट. खिडकीतून उजेड जमिनीवर पडावा तसा. मधोमध एक बारीक पट्टी रिकामी, तिथे नुसती पात, तो खिडकीच्या मधल्या दांड्याचा भाग. इथपर्यंत मन घट्ट होतं.

पण चौकोनाच्या आत आणखी एक रिकामी जागा आहे. मोठी. खाली रुंद, मग दोन्हीकडून आत येते आणि टोकाला गोल. तिथे एकही कांदा धरलेला नाही. भोवती सगळे टपोरे.

खांदे आणि डोकं.

खिडकीत बसलेल्या माणसाची सावली. एका दिवसाची नाही. रोज, त्याच जागी, तासन्‌तास बसलेल्या माणसाची. एरवी कांद्यांना कळलं नसतं.

शिंपीणबाईंनी हाक मारली, "काय हो, स्टुलावर चढून कोणाला बघता?" मी म्हटलं, मांजर.

१७ फेब्रुवारी

उजाडता उजाडता उठले. किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यालाच होती. कुलूप उघडलं. महिना-दोन महिन्यांत गेले नव्हते, जीव धजत नाही. पलंगावर चादर माझ्याच हातची घातलेली, एक सुरकुती नाही. कपाटावर धूळ. पुस्तकांवर धूळ. टेबलावर नाही. खुर्ची खिडकीशी ओढलेली. बल्ब तारेवर खाली सोडलेला, खुर्चीच्या पाठीमागे. अभ्यासाला त्यानेच तसा खाली घेतला होता. बटण बंद.

बल्बला हात लावला.

कोमट होता.

 मग खुर्चीच्या मागे जाऊन बाहेर पाहिलं. तिथून ती कांद्यांतली जागा सरळ समोर येते. डावा खांदा उंच, उजवा पडलेला.

उजवा खांदा पडलेला! आणि मग कळलं. बाई गं, किती आंधळी मी!

१७ फेब्रुवारी, दुपार

हेच बसतात तिथे. दुसरं कोण? झटक्यापासून उजवा खांदा पडलाय त्यांचा. आजारपणापासून खाट पुढच्या खोलीत, मी मधल्या खोलीत. माझी झोपेची गोळी घेतली की नऊला आडवी, पहाटेपर्यंत दगड. मला कधी कळणार! बिलाला "असू दे" का म्हणाले तेही आता कळलं. कांदे पाहून का गप्प झाले तेही.

दिवसा चिरंजीव म्हणून टोमणे, आणि अंधार पडला की पोराच्या खुर्चीत दिवा लावून बसतात. पूर्वी, जहाजावर जायच्या आधी, त्याची रात्रपाळी असायची तेव्हा तो दिवा चालूच ठेवायचो, मागच्या दाराने येताना दिसावं म्हणून. घड्याळवाला माणूस. घड्याळ बंद पडलं तरी चावी देत बसायचं.

खूप रडले. भांड्यांचा आवाज करत रडले, ऐकू जाऊ नये म्हणून.

१८ फेब्रुवारी

काही बोलायचं नाही असं ठरवलं. घरच्या माणसाला चोरासारखं पकडायचं का? जागूनही बघणार नाही. देवासमोर तसा शब्द दिला.

पण एक कोडं आहे. एवढा जीव अडकलाय त्या खोलीत, तर भाड्याने का देतात? औषधपाण्याच्या खर्चाच्या काळजीने? की स्वतःचंच बसणं सुटावं म्हणून? पुरुषाच्या मनात कोण हात घालणार.

२२ फेब्रुवारी

साठचा बल्ब – ९.

सकाळी गेले तर काचेला आतून काळं आलेलं. आज-उद्या गेलाच असता. बदलला. ह्यांचा हात थरथरतो, खुर्चीवर चढून बदलायला जातील आणि पडतील. कोणत्या सदरात लिहू कळेना. घरखर्चात नाही लिहिला. देवाच्या सदरात लिहिला.

वीज जाळायला स्वतःहून बल्ब आणला मी! आई असती तर म्हणाली असती, पोरीला ताप आलाय.

२३ फेब्रुवारी

हे आज चहा पिताना एकदम म्हणाले, "डोळ्यांना जपत जा. फार ताण देऊ नकोस." आता मी कुठे ताण देते? शिवण सोडून वर्ष झालं. म्हटलं, तुम्हीही जपा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. बऱ्याच दिवसांनी.

२६ फेब्रुवारी

नर्सबाई खोली बघून गेल्या. चांगल्या आहेत, नाकाने कांदे सोलणाऱ्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहिल्या. "इथे बसून छान वाचता येईल." मग अंगावर पदर ओढून घेतला. "गार आहे नाही ही खोली?"

ऊन पडलं होतं खिडकीत.

आगाऊ भाडं देत होत्या. मी म्हटलं, एक तारखेलाच घेऊ.

२८ फेब्रुवारी

सामान बांधायला घेतलं. त्याचे शर्ट, बूट, पान्यांची पेटी. चादर ओढली आणि माझ्याने राहवेना. बाहेर आले. हे पायरीवर बसले होते. म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते.

म्हटलं, "अहो, नका देऊ खोली. मला सगळं माहीत आहे. तुम्ही बसता तिथे रोज. बसा की. मी कधी एका शब्दाने बोलले का?"

"मी?" म्हणाले.

"बल्बसुद्धा मीच बदलला. कांद्यांत सावली दिसते तुमची."

तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, पुन्हा झटका आला. मी त्यांचा हात धरला.

"मी नाही गं बसत. तू बसतेस."

"मी?"

"पाणी प्यायला उठतो तेव्हा दाराखाली उजेड असतो. खुर्ची करकरते. कित्येक महिने. मला वाटलं, तू त्याच्यासाठी बसतेस, रडत असशील, कशाला दार वाजवायचं. उभा राहतो आणि परत येतो. अंधारात ना तुझी खाट बघितली, ना दाराचं कुलूप. बिल वाढलं तरी बोललो नाही. कांदे बघितले तेव्हाच मला उजेडाचं कळलं, तरी गप्प राहिलो. अगं, तुझं ते बसणं सुटावं म्हणून तर खोली द्यायला काढली! नाहीतर मला काय हौस आहे?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. एकाने दुसऱ्याला जपायचं म्हणून बोलायचं नाही, आणि त्या खोलीत तिसरंच कोणी बसत होतं.

मग म्हणाले, "सावली कुठेय, दाखव."

नेलं. स्टुलावर चढता येईना म्हणून खोलीत नेऊन खिडकीतून दाखवली. खूप वेळ पाहिली. मग अगदी हळू, शेजारी कोणी झोपलंय असं –

"हा मी नव्हे. मी खांदा पाडून बसतो. ह्याने उचललाय. बघ, डावा कानाला लावलाय. तो लिहिताना असाच बसायचा. किती वेळा ओरडलो असेन, सरळ बस म्हणून."

चादर पुन्हा घातली. बूट पलंगाखाली ठेवले.

१ मार्च

नर्सबाई ट्रंक घेऊन रिक्षातून उतरल्या. मी पुढे व्हायच्या आत हे दारात गेले. एका हाताने चौकट धरून उभे.

"माफ करा हं बाई. खोली रिकामी नाही."

"अहो, पण परवा तर –"

"हो. आमची चूक झाली. मुलगा आहे आमचा तिथे."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान डोलावली. काय करणार होते? बिचारीचं रिक्षाभाडं दिलं – ७. शिंपीणबाईंकडे माडीवरची खोली आहे, तिकडे धाडलं.

ह्यांना आत आणून बसवलं. म्हटलं, जिवंत आहे का हो तो? कधी नव्हे ते तोंडातून आलं. आजवर दोघांनीही विचारलं नव्हतं.

 म्हणाले, "दिवा लावू दे त्याला. बिल मी बघतो."

२ मार्च

सकाळी वाफ्यात गेले. त्या तुकड्यातल्या प्रत्येक कांद्याच्या पातीला गाठ मारलेली आहे. रिकाम्या जागेतल्या पातीलाही. एक सोडवून पाहिली. सुटली नाही. उलटी आहे.

आज कांदे काढणार नाही. मोजणारही नाही.

ढब्बू, आता ह्यापुढचं तुला. ही वही तुझ्या टेबलावर ठेवते, पेन शेजारी आहे, टोपण घट्ट लागतं, जपून काढ. कुठून येतोस विचारणार नाही. कसा आहेस तेही विचारणार नाही, सांगवत नसेल तर सांगू नकोस. दोघं दिवा बघून निजतो. बाबा म्हणतात, सरळ बसला नाहीस तरी चालेल. पण एवढं कर बाळा, एकच ओळ लिही, खाली जागा सोडली आहे. समुद्रात नसेल, ह्या घरात आहे. उलट टपाली कळव.